शब्दचर्चा: 'म्युच्युअल रेकग्निशन'ला मराठीत काय म्हणावं?

यारातीर

नमस्कार मंडळी. मेलबर्नला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आम्ही काही जण मिळून एक माहितीपत्रक तयार करतोय. त्यातलं कामधंद्याचं पान माझ्याकडे आहे आणि गाडी एका शब्दापाशी अडली आहे: 'म्युच्युअल रेकग्निशन'.

आधी विषय सांगते. ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, इस्टेट एजंट, शिक्षक, सिक्युरिटी गार्ड अशा कितीतरी कामांचे परवाने राज्याराज्याचे वेगळे. पूर्वी व्हिक्टोरियातला प्लंबर सिडनीला गेला की त्याला तिथली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागे. १९९२ साली केंद्र आणि राज्यांच्या सरकारांनी आपसात 'म्युच्युअल रेकग्निशन'चा करार केला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मार्च १९९३ पासून तो लागू झाला. एकेक करत सगळी राज्यं त्यात आली. न्यूझीलंडबरोबर अशीच व्यवस्था १ मे १९९८ पासून आहे.

कायद्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. एका राज्यात कायद्याने विकता येणारी वस्तू दुसऱ्या राज्यातही विकता येते, तिथली वेगळी मानकं पूर्ण करावी लागत नाहीत. आणि एका राज्यात नोंदणी असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात त्याच कामासाठी नोंदणी मिळते, पुन्हा परीक्षा नाही.

मी मसुद्यात 'परस्पर मान्यता' लिहिलं होतं. सासऱ्यांनी वाचून विचारलं, "परस्पर म्हणजे कुणाला न विचारता का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्ही काय लिहाल?

मोडीवाचक

यारातीर ताई, तुमच्या सासऱ्यांनी नेमकं बोट ठेवलंय. 'परस्पर'चा संस्कृतातला अर्थ 'एकमेकांना, एकमेकांशी' असा, आणि 'परस्परविरोधी', 'परस्परावलंबी' अशा समासांत तोच टिकलाय. पण एकटा शब्द क्रियाविशेषण म्हणून आला की मराठीत त्याचा अर्थ बदलतो. 'पोरगा शाळेतून परस्पर क्लासला गेला', म्हणजे घरी न येता. 'भावाने जमीन परस्पर विकली', म्हणजे बाकीच्यांना अंधारात ठेवून. 'हप्ता परस्पर पगारातून कापला जातो', म्हणजे आपल्या हातात न येता. तिन्हीकडे मधला कुणीतरी वगळला गेलाय.

त्यामुळे 'परस्पर मान्यता देण्यात येते' हे वाक्य मराठी माणूस 'कुणाला न विचारता मंजुरी देऊन टाकतात' असंच वाचणार. 'परस्परमान्यता' असं जोडून लिहिलं तर थोडं सावरतं, पण वाचताना जोडशब्द आहे की दोन शब्द, याकडे किती जणांचं लक्ष जातं? माझ्या मते 'एकमेकांच्या परवान्यांना मान्यता' लिहावं. लांब आहे, पण गैरसमजाला जागा नाही.

माझी खरी तक्रार मात्र 'मान्यता'बद्दल आहे. आपल्याकडे मान्यता वरून खाली येते. शासनमान्य दुकान, मान्यताप्राप्त शाळा, विद्यापीठाची मान्यता. देणारा मोठा, घेणारा लहान. इथे तर दोन्ही राज्यं बरोबरीची.

जोडारी

मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, नावावरून कळलं असेलच (जोडारी म्हणजे फिटर). आमच्याकडे यासाठी 'समकक्षता' शब्द रुळलेला आहे. मुलं विचारायची, "सर, आपलं प्रमाणपत्र अमक्याला समकक्ष आहे का?" वीजतंत्री, तारतंत्री, कातारी, नळ कारागीर, सगळ्यांचा हाच प्रश्न. मग 'परवान्यांची समकक्षता' का नको?

आणि ताई, 'व्यवसाय' हा शब्द जपून वापरा. आयटीआयच्या कागदांत व्यवसाय म्हणजे ट्रेड. व्यवसाय कर म्हणजे नोकरदाराच्या पगारातून कापला जातो तो. आणि बोलण्यात व्यवसाय म्हणजे दुकान, धंदा. 'एका राज्यातला व्यवसाय दुसऱ्या राज्यात' असं लिहिलंत तर लोक म्हणतील, कंपनीची शाखा उघडायची भानगड दिसते.

सनदधारी

जोडारी सर, समकक्षतेला माझा विरोध आहे आणि तो नुसता शब्दाला नाही. समकक्षता ठरवायची म्हणजे दोन अभ्यासक्रम शेजारी मांडायचे, तास मोजायचे, विषय जुळवायचे. या कायद्याने नेमकं तेच टाळलंय. तिथे समान असावं लागतं ते काम. दोन्ही राज्यांत त्या परवान्यावर जी कामं करायची मुभा आहे, ती बव्हंशी तीच असली की पुरे. शिक्षण किती वर्षांचं होतं, परीक्षा कुणी घेतली, हे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारायचंच नाही. कामात थोडा फरक असेल तर अट घालून परवाना द्यायचा. उदाहरणार्थ, एका राज्यात त्या परवान्यावर गॅसचंही काम करता येतं आणि दुसऱ्यात येत नाही, तर 'गॅसचं काम वगळून' असा शेरा मारायचा.

अर्ज आल्यावर महिन्याभरात निर्णय द्यावा लागतो. तेवढ्या मुदतीत नकार किंवा स्थगिती कळवली नाही तर अर्जदार नोंदणीचा हक्कदार ठरतो. रीतसर अर्ज दिल्या दिवसापासून त्याला 'नोंदणी झाली असं मानून' कामही करता येतं. यारातीर ताई, यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: मानीव. महाराष्ट्रात ज्याच्या सोसायटीला बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स) समजावून सांगावं लागत नाही. 'मानीव नोंदणी' बिनदिक्कत लिहा.

आमच्या वकिलीतलं सांगतो. आम्ही 'लायसन्स' म्हणत नाही, 'सनद' म्हणतो. सनद मिळाली, सनद स्थगित झाली. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच, म्हणून नागपूरच्या वकिलाला पणजीत उभं राहायला वेगळा कागद लागत नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ चा. त्यातलं कलम ३० देशभर कुठल्याही न्यायालयात वकिली करण्याचा हक्क देतं, पण ते प्रत्यक्ष लागू व्हायला १५ जून २०११ उजाडलं. मधली पन्नास वर्षं हक्क कागदावर छापलेला होता आणि अमलात नव्हता. अजूनही अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या राज्याच्या यादीतल्या वकिलाला तिथल्या स्थानिक वकिलाला सोबत घ्यावं लागतं. म्हणून मला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली ती महिन्याभराची मुदत फार मोलाची वाटते. हक्क दिला आणि तो कधी मिळणार तेही सांगितलं.

जोडारी

पटलं. मग आपलं ड्रायव्हिंग लायसन म्हणजे याहून एक पाऊल पुढे. बारामतीला काढलेलं लायसन गुवाहाटीतही चालतं, दुसऱ्या राज्यात नोंद करायलाही जावं लागत नाही.

गाडीचं मात्र तसं नाही. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, कर भरावा लागतो, आधीच्या आरटीओकडून ना-हरकत आणावी लागते. बदलीची नोकरी असलेल्यांनी या पायी किती खेटे घातलेत! २०२१ पासून बीएच मालिका (देशभर चालणारा गाडीचा नंबर) आली तेव्हा काही जणांची सुटका झाली. माणसाचा परवाना देशभर चालतो आणि त्याच्याच गाडीची नोंदणी वर्षभरात अडते, हे मला कधीच समजलेलं नाही.

मोडीवाचक

जोडारी सर, तुम्ही सहज लिहून गेलात तोच शब्द मला हवा होता. 'चालतं.'

लायसन चालतं का, नोट चालते का, हा पास या बसला चालतो का. कुणी कुणाला मान्यता देत नाही, मोठा-लहान नाही. समोरचा घेतो, एवढंच. आणि चालण्यात 'तुमचं-आमचं सारखंच आहे' असा दावाही नाही.

याला जुना आधार आहे. पेशवाईत एकाच वेळी अनेक रुपये बाजारात होते, अंकुशी, चांदवडी आणि आणखी कितीतरी. पुढे निजामाच्या मुलखात हाली सिक्का. एका मुलखाचं नाणं दुसरीकडे चाले, पण सराफ बट्टा कापून घेई. चांदी किती, झीज किती, टाकसाळ कुठली, सगळं पाहून बट्टा ठरायचा. 'नावाला बट्टा लागला' आपण आजही म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी जे केलं ते म्हणजे एकमेकांचं नाणं बट्टा न लावता घ्यायचं. समकक्षता म्हणजे सराफाचा तराजू. सनदधारींच्या म्हणण्याप्रमाणे तराजूच नको, हेच इथलं मर्म आहे.

ॲडलेडकर

माणसांच्या परवान्यांवरच चर्चा चाललीय म्हणून मालाची बाजू मांडतो. तिथे तत्त्वाची खरी कसोटी लागली आहे.

आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात १९७७ पासून शीतपेयाच्या बाटलीवर, कॅनवर अनामत आहे. आता ती १० सेंट आहे. रिकामी बाटली डेपोत दिली की पैसे परत. लहानपणी आपण सोड्याच्या बाटल्या दुकानात नेऊन देत होतो, तोच हिशोब. आमच्याकडे शाळेची मुलं सहलीसाठी पैसे जमवतात ते डबे-बाटल्या गोळा करून. १९९२ च्या कायद्यात आमच्या या योजनेला कायमची सूट आहे.

नॉर्दर्न टेरिटरीने तशीच योजना ३ जानेवारी २०१२ ला सुरू केली. त्यांच्याकडे अशी सूट नव्हती. कोका-कोला अमाटिल, श्वेप्स आणि लायन या पेय कंपन्या फेडरल कोर्टात गेल्या. मुद्दा असा की आमची बाटली सिडनीत जशीच्या तशी कायद्याने विकता येते, मग टेरिटरीतल्या डार्विनमध्ये विकताना तिच्यावर परताव्याचा मजकूर छापा आणि तिच्या परताव्याची व्यवस्था लावा अशी जादा अट कशी घालता? ४ मार्च २०१३ ला निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. लोकांच्या पसंतीची, पर्यावरणाच्या हिताची योजना त्या कायद्यापुढे टिकली नाही. मग सगळ्या सरकारांची संमती मिळवून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेरिटरीलाही कायमची सूट मिळाली आणि योजना वाचली. आज देशभरच्या कॅनवर '१० सेंट परत' छापलेलं दिसतं, त्यामागे एवढं घडलंय.

म्हणून मला 'मान्यता' किंवा 'चालणे' दोन्ही थोडे मऊ वाटतात. हा कायदा दुसऱ्या राज्याला नाही म्हणण्यापासून रोखतो. 'नाकारता येणार नाही' हा अर्थ शब्दात यायला हवा.

सनदधारी

फार चांगलं उदाहरण दिलंत. यात एक बारकावा जोडतो, कारण माहितीपत्रकात तो चुकला तर एखाद्याचं नुकसान होईल. कायदा 'विकणे' मोकळं करतो. माल कसा वाहून न्यायचा, कुठे साठवायचा, कुणाला विकायचा, विकल्यावर कसा वापरायचा, हे नियम त्या त्या राज्याचेच राहतात. दारू कितव्या वर्षी विकत घेता येईल, हे मालाचं मानक नाही. तसंच माणसाचं. परवाना इथला चालला तरी काम करताना नियम तिथलेच पाळायचे. शिवाय बंदुका, फटाके, जुगाराची यंत्रं अशा गोष्टी मुळातच कायद्याबाहेर ठेवल्यात. आरोग्य, सुरक्षितता किंवा पर्यावरण धोक्यात असेल तर एखादं राज्य तात्पुरती, बारा महिन्यांपर्यंत, सूट घेऊ शकतं.

युरोपात हेच तत्त्व करारातून नाही, निकालातून पुढे आलं. फ्रान्समधलं कासिस दे दिजों नावाचं काळ्या मनुक्यासारख्या फळाचं मद्य, अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीचा नियम असा की फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के हवं. म्हणजे मद्य 'पुरेसं कडक नाही' म्हणून बंदी. सौम्य दारूने लोकांना पिण्याची सवय लागेल असा युक्तिवाद जर्मन सरकारने केला. २० फेब्रुवारी १९७९ ला युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहकाला माहिती द्यायची तर लेबलवर टक्केवारी छापा, फ्रान्समध्ये कायद्याने तयार झालेली आणि विकली जाणारी बाटली अडवू नका. ॲडलेडकरांचा 'नाकारता येणार नाही' हा अर्थ तिथे अगदी स्पष्ट आहे.

तास्मानपार

मी न्यूझीलंडमध्ये परिचारिका आहे, म्हणून राहवत नाही.

भारतातल्या, फिलिपिन्समधल्या कितीतरी परिचारिका आधी इथे नोंदणी करतात आणि मग त्या नोंदणीच्या आधारे ऑस्ट्रेलियात नोंदणी घेतात. दोन्ही देशांतल्या व्यवस्थेप्रमाणे ते पूर्ण कायदेशीर आहे. तरी लोक त्याला मागचं दार म्हणतात, 'जिथे सोपं तिथून शिरतात' म्हणतात. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. इथली परीक्षा, इथलं इंग्रजी, हे सगळं करूनच नोंदणी मिळालेली असते. मोडीवाचक सरांच्या शब्दांत सांगायचं तर नाणं खरं आहे, मग ते कुठल्या रस्त्याने आलं हे का विचारायचं?

पण भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. एखाद्या राज्याने मानक सैल केलं तर तिथून परवाना काढून सगळीकडे पसरता येतं, हा धोका या व्यवस्थेत आहेच. याच कारणाने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या व्यवस्थेतून डॉक्टर सुरुवातीपासून वगळलेत. तिसऱ्या देशात शिकलेले डॉक्टर एका देशातून दुसऱ्यात येतील ही काळजी. परिचारिकांना लागू, डॉक्टरांना नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आत आरोग्याच्या क्षेत्रात आता हा प्रश्नच उरला नाही. २०१० पासून परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते यांची नोंदणी राष्ट्रीय आहे, म्हणजे एकच रजिस्टर. इलेक्ट्रिशियन, प्लंबर वगैरेंसाठीही राष्ट्रीय परवान्याची योजना होती, ती २०१३ च्या अखेरीस बहुतेक राज्यांनी सोडून दिली. त्यामुळे 'राष्ट्रीय परवाना', 'समान मानकं' आणि हे 'एकमेकांचं चालवून घेणं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे पत्रकात जरूर लिहा. नवीन येणारे तिन्हीची सरमिसळ करतात.

मोडीवाचक

ॲडलेडकर, 'नाकारता येणार नाही' यासाठी 'ग्राह्य' शब्द कसा वाटतो? कागदपत्रं ग्राह्य धरणे, पुरावा ग्राह्य असणे. ग्राह्य धरणारा वरचढ नसतो, तो नियमाने बांधलेला असतो. तास्मानपार ताईंचं 'चालवून घेणं' मात्र नको. त्यात 'कमी दर्जाचं आहे पण खपवून घेऊ' असा वास येतो, आणि त्यांनी स्वतःच सांगितलेलं दुःख तेच आहे.

यारातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. पान पुन्हा लिहिलंय. शीर्षक 'एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतो का?' असं ठेवलंय. मजकूर असा:

"ऑस्ट्रेलियातली राज्यं एकमेकांचे परवाने ग्राह्य धरतात. तुमच्याकडे व्हिक्टोरियाचा परवाना असेल आणि तुम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेलात, तर तिथे अर्ज करून, शुल्क भरून त्याच कामाची नोंदणी मिळते. पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जावर महिन्याभरात निर्णय द्यावा लागतो. रीतसर अर्ज दिल्यावर निर्णयापर्यंत तुमची नोंदणी मानीव असते. एका राज्यात शिस्तभंगामुळे परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर दुसऱ्या राज्यातल्या परवान्यावरही तीच कारवाई होते. घर इथेच आणि काम अधूनमधून सीमेपलीकडे असेल, तर २०२१ पासून बऱ्याच राज्यांत आणि बऱ्याच कामांसाठी वेगळा अर्जही लागत नाही. काही कामांत फक्त तिथल्या कार्यालयाला आधी कळवावं लागतं."

'परस्पर' कुठेही नाही. जोडारी सरांच्या सांगण्यावरून 'व्यवसाय'ऐवजी 'काम' केलंय. 'परवाना' ठेवू की 'अनुज्ञप्ती' करू?

जोडारी

परवानाच ठेवा. आरटीओच्या भाषेत रिक्षाचं परमिट म्हणजे परवाना आणि चालकाचं लायसन म्हणजे अनुज्ञप्ती, हा भेद मला ठाऊक आहे. पण 'शिकाऊ अनुज्ञप्ती' फॉर्मवर वाचूनही माणसं तोंडाने लर्निंग लायसनच म्हणतात. मेलबर्नच्या विमानतळावरून नुकत्याच आलेल्या माणसाला अनुज्ञप्ती वाचायला लावू नका.

आणि एक वाक्य ठळक अक्षरांत घाला, हात जोडून सांगतो. ही सोय ज्याची नोंदणी तिथल्या एखाद्या राज्यात किंवा न्यूझीलंडमध्ये झालेली आहे त्यालाच आहे. आमच्या आयटीआयच्या वीजतंत्री प्रमाणपत्रावर ती मिळत नाही. त्याला आधी तिथे कौशल्याची तपासणी, मग तिथलं उरलेलं प्रशिक्षण, मग पहिला परवाना. माझे विद्यार्थी फोन करून विचारतात, "सर, आपलं सर्टिफिकेट तिकडे चालतं ना?" घर गहाण टाकून निघण्याआधी त्यांना हे कळायला हवं.

यारातीर

घातलं, जोडारी सर. पहिल्याच ओळीत.